संध्याकाळचे व्होल्ट

आमच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची. जुन्नरच्या पेठेत आम्हा जैनांची जी काही घरं होती, त्या सगळ्यांचाच हा नेम होता, पण अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नेम भलताच कडक. उन्हं समोरच्या कापडदुकानाच्या पत्र्यावर चढली की गिऱ्हाईक बोलत असलं तरी त्यांचा हात फळ्यांकडे जायचा. पंखा घ्यायला आलेला माणूस "शेठ, पाच मिनटं" म्हणत राहायचा आणि अण्णा "उद्या या, पंखा कुठं पळून जात नाही" म्हणत एकेक फळी खाचेत बसवत जायचे. दुकानाच्या मागच्या दारातून सरळ स्वयंपाकघरात जाता यायचं. तिथं बाईनं, आम्ही आईला बाई म्हणायचो, बाजरीचे सोगरे तव्यावरून काढून तुपात माखून ठेवलेले असायचे. सोबत कढी, कधी पापडाची भाजी, उन्हाळ्यात बाजरीच्या पिठाची ताकातली राबडी. कांदा, लसूण, बटाटा घरात नाही, आणि राहायला आम्ही अशा तालुक्यात की बाजाराच्या दिवशी कांद्याच्या गोण्यांवरून उड्या मारत शाळेत जावं लागे. ताटं घासून झाली की मग सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. आठ वाजता शेजारून कांदा परतल्याचा खमंग वास यायचा तेव्हा माझ्या पोटात जे व्हायचं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाईनं पुस्तक वाच म्हणून सांगितलं असतं.

दुकान विजेच्या सामानाचं होतं. वायरी, बल्ब, पंखे, मोटारीचे स्टार्टर. पण अण्णांचा जीव मागच्या टेबलावर होता. तिथं ते डबे बनवायचे. डबा म्हणजे पॉवर सप्लाय. भिंतीतून येते ती वीज दोनशे तीस व्होल्टची आणि सारखी दिशा बदलत वाहणारी. वायरलेस सेटला लागते तेरा-चौदा व्होल्टची, एका दिशेनं जाणारी आणि अगदी स्थिर. मधलं काम हा डबा करतो. रेडिओ दुरुस्त करणारे जुन्नरात आणखी होते, पण असा डबा करणारे अण्णाच. ते म्हणायचे, कुठलाही डबा व्होल्ट देतो, पण चांगला डबा व्होल्ट देतो आणि गप्प बसतो. दूरच्या डोंगरातून येणारा आवाज मुळात फार बारीक असतो. डब्यानं आपली कुरकुर त्यात मिसळली की तो आवाज मेलाच. पिठाच्या गिरणीत उभं राहून कुणाची कुजबुज ऐकायला गेलं तर काय होईल, तसं.

प्रत्येक डब्याची परीक्षा गल्ल्यावर, गिऱ्हाइकासमोर व्हायची. अण्णांचा एक जुना लाकडी रेडिओ होता. त्याचा काटा ते दोन स्टेशनांच्या मधे, जिथं काहीच लागत नाही तिथं नेऊन ठेवत. नुसती खरखर ऐकू यायची. मग डबा शेजारी ठेवून चालू करत आणि डोळे मिटून ऐकत. खरखर होती तशी राहिली तर डबा पास. तिच्यात घूं किंवा किर्र असं काही मिसळलं तर डबा परत टेबलावर. या वेळी दुकानात कुणी बोलायचं नाही. एकदा तहसील कचेरीतले साहेब बोलले तर अण्णांनी डोळे न उघडताच "श्श" केलं होतं. त्या साहेबांनी पुढं आमच्याकडून काही घेतलं नाही.

आता मी सत्तरीकडे झुकले आहे. घरात मोबाईलचे चार्जर आहेत, एलईडीचे दिवे आहेत, भिंतीवर वायफायचा डबा डोळे मिचकावत बसलेला असतो. मी अजून कधी कधी माझा छोटा ट्रान्झिस्टर घेऊन नातवाच्या चार्जरजवळ धरते. असा किर्र करतो की दात शिवशिवतात. सून म्हणते, "आई, काय ऐकताय?" मी काही नाही म्हणते. तिला वाटत असेल म्हातारी भ्रमिष्ट झाली. वाटू दे. पण त्या एका उन्हाळ्याची गोष्ट कुणीतरी लिहून ठेवायला हवी आणि ती माहीत असणारी आता मी एकटीच उरले आहे.

मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. पुढं शिकायला पुण्याला पाठवायचं की लग्न करून द्यायचं यावर घरात खल चालला होता, आणि तोवर अण्णांनी मला ट्रान्सफॉर्मरची कॉइल गुंडाळायला बसवलं होतं. हातानं फिरवायचं यंत्र, तांब्याची तार, एकावर एक वेढे. दिवसभर त्याची खटखट चालायची. मला ते काम मनापासून आवडायचं, आणि मुलीनं असलं काम करू नये असं म्हणणाऱ्या भुआला, म्हणजे अण्णांच्या बहिणीला, मी मुद्दाम तांब्याच्या तारेची अंगठी करून दिली होती.

पेठेच्या टोकाला एका धर्मादाय संस्थेचा दवाखाना होता. त्यांची एक नर्स, सिंधूताई, वर घाटघरला राहायची. घाटघर म्हणजे नाणेघाटाच्या तोंडाशी, डोंगरात. तिकडं टेलिफोन नव्हता आणि एसटी दिवसातून जेमतेम एकदोनदा जायची. बाळंतपण अडलं, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर माणूस झोळीत घालून खाली आणायचं. म्हणून संस्थेनं वायरलेसचे दोन सेट आणले. एक सिंधूताईकडे, बॅटरीवर चालणारा, आणि एक जुन्नरच्या दवाखान्यात. रोज दिवेलागणीला सिंधूताई बोलायची. गरज पडली तर दवाखान्याची जीप वर जायची. मधे एवढे डोंगर की तिचा आवाज वळसे घेत यायचा आणि खाली पोचेपर्यंत अगदी सुतासारखा बारीक व्हायचा. सेटजवळ बसायचं काम इंदूताईंकडे होतं. त्या दवाखान्यात मदतनीस होत्या. माहेर निरगुडसरचं, नवरा लवकर गेलेला, आवाज खणखणीत.

त्या सेटसाठी डबा कुठला घ्यायचा हे विचारायला डॉक्टर आमच्याकडे आले. मुंबईहून त्यांनी एक नव्या पद्धतीचा डबा आणला होता. आत जड ट्रान्सफॉर्मर नाही, वीज कापून कापून लहान करणारं काहीतरी. वजनाला पावशेर. डॉक्टरांना त्याचं फार कौतुक. अण्णांनी तो रेडिओशेजारी ठेवला आणि चालू केला. असा किर्र आवाज आला की खरखर ऐकूच येईनाशी झाली.

"डॉक्टर," अण्णा म्हणाले, "हा शहरात चालेल. स्टेशन जवळ असलं तर चालेल. पण तुमची नर्स डोंगरापलीकडून बोलणार. ह्याच्या बडबडीत ती काय ऐकू येणार?"

"मग बॅटरी लावू. गाडीची."

"बॅटरीइतकं गप्प जगात काही नाही. तिला बोलताच येत नाही. पण तुमची जीप?"

डॉक्टर हसले. जीपची बॅटरी बसली की ड्रायव्हर दवाखान्यातली जी कुठली बॅटरी सापडेल ती उचलून न्यायचा, हे अख्ख्या पेठेला माहीत होतं. सेट ऐन वेळी मुका पडण्यापेक्षा भिंतीवरच्या विजेवर चालणारा डबा बरा, असं ठरलं. डबा अण्णा करणार, जुन्या पद्धतीचा, जड ट्रान्सफॉर्मरचा.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. असल्या डब्यात ट्रान्सफॉर्मरनं गरजेपेक्षा थोडी जास्त वीज द्यायची असते. पुढचा भाग त्यातली जास्तीची छाटून नेमकी तेवढीच पुढं सोडतो. जास्तीची किती ठेवायची, हा खरा प्रश्न. फार ठेवली तर ती सगळी उष्णता होऊन डबा तापतो, आणि दवाखान्यात सेट ठेवायचा होता औषधांच्या बंद कपाटात. कमी ठेवली तर डबा गार राहतो, पण भिंतीतली वीजच उतरली की छाटायला काही उरत नाही, आणि मग विजेची सगळी थरथर जशीच्या तशी सेटमध्ये शिरते. अण्णांनी भिंतीवरच्या, व्होल्ट दाखवणाऱ्या मीटरकडे पाहिलं. काटा नेहमीप्रमाणे दोनशे तीसवर उभा होता. "शोभे, वेढे जरा कमी ठेव," ते मला म्हणाले, "कपाटात डबा भाजून निघायला नको." वेढे कमी तेवढी जास्तीची वीज कमी; मी सांगितले तेवढेच घातले.

संध्याकाळी आमच्या घरातला बल्ब पिवळा पडायचा. हे काय आम्हाला माहीत नव्हतं? उन्हाळ्यात तर दिव्याची तार नुसती लाल दिसायची. गावाबाहेर मोटारी सुरू व्हायच्या, घरोघर दिवे लागायचे, आणि वीज उतरायची. भुआ रोज त्यावरून कुरकुर करायची. पण ती घरातली गोष्ट होती. दुकानाची वीज दिवसाची, घराची संध्याकाळची. मीटर दुकानात होता आणि त्या वेळी फळ्या लागलेल्या असत. इतक्या वर्षांत सूर्य मावळल्यावर तो मीटर आमच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता, आणि अण्णांच्या हातचा एकही डबा दिवे लागल्यावर तपासला गेला नव्हता. आमच्यासारख्याच घरात होईल अशी ही चूक.

डबा श्रावणात बसला. पावसात मोटारी बंद, वीज भरपूर. डॉक्टरांनी येऊन सांगितलं, सिंधूताईचा आवाज असा येतो की जणू शेजारच्या खोलीतून. अण्णा त्या दिवशी खुशीत होते. बाईला म्हणाले, कढी झकास झालीय, आणि अण्णा जेवताना स्वयंपाकाला चांगलं म्हणायचे म्हणजे काहीतरी मोठं घडलेलं असायचं.

होळी झाली आणि इंदूताई दुकानात आल्या. "शेठ, तुमचा डबा सांजच्याला कण्हतोय."

"कण्हतोय म्हणजे?"

"घूं करतो. नर्सबाईचं बोलनं त्यात बुडून जातं. सकाळच्याला मातुर चोख."

अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात गेले, मीही बरोबर होते. सेट चालू केला. खरखर स्वच्छ, घूं नाही की काही नाही. अण्णांनी मान डोलावली. "इंदूबाई, ऐका. कुठंय आवाज?"

"आत्ता न्हाई. सांजच्याला या की."

"संध्याकाळी आमची जेवायची वेळ असते."

"मंग जेवून या."

अण्णा हसले. जेवून झाल्यावर ते कधी बाहेर पडत नसत. सामायिकाला, म्हणजे मौन धरून ध्यानाला बसत. इंदूताई आणखी दोनदा आल्या आणि अण्णा दोन्ही वेळा भर उन्हात जाऊन आले. शेवटच्या वेळी परत येताना ते मला म्हणाले, "बाईमाणूस दिवसभर राबून दमलेली असते. संध्याकाळी कानात घूं होतच असणार." मी त्यावर हसले. हे लिहिताना ते हसणं मला आठवतं.

घाटघरचा किसन हिरडा घेऊन बाजाराला यायचा. उंच, काळाभोर, फार न बोलणारा. टॉर्चचे सेल आमच्याकडून घ्यायचा आणि प्रत्येक सेल जिभेला लावून बघायचा. त्याची बायको जाई एकदोनदा त्याच्याबरोबर आली होती. आमच्या पायरीवर बसून ती माझी खटखट बघत राहिली होती आणि जाताना म्हणाली होती, "माझी आई अशीच दोर वळती." त्या उन्हाळ्यात तिचे दिवस भरत आले होते. बाजाराच्या दिवशी किसन आला, हिरडा पुरता विकला गेला नाही, म्हणून तो मुक्कामाला राहिला. मुक्काम दवाखान्याच्या ओसरीवर. दिवेलागणीला नर्सबाई बोलेल तेव्हा घरची खबर कळेल, एवढाच त्याचा हिशेब.

त्या संध्याकाळी आम्ही जेवत होतो तेव्हा सिंधूताई वरून बोलत होती. जाईचं पोट दुपारपासून दुखत होतं, मूल पायाळू होतं, रक्त जायला लागलं होतं. जीप पाठवा, डॉक्टरांना पाठवा, ती पुन्हा पुन्हा सांगत होती. खाली सेटमधून घूं येत होतं. इंदूताई म्हणत होत्या, "ऐकू येत न्हाई, परत बोला." त्यांचं बोलणं वर अगदी स्वच्छ पोचत होतं. सिंधूताईनं पुढं डॉक्टरांना सांगितलं, की ते "परत बोला" ऐकून ऐकून शेवटी तिला रडू फुटलं. बरेच दिवस संध्याकाळचं बोलणं असंच बुडत होतं आणि सकाळी ती सगळं पुन्हा सांगायची, म्हणून इंदूताईंना वाटलं, रोजचंच आहे, सकाळी कळेल. वर गावातल्या माणसांनी जाईला झोळीत घातलं आणि वाट धरली. मूल वाटेतच झालं आणि जगलं. जाई मात्र चावंड गाव यायच्या आतच गेली. किसन सकाळच्या पहिल्या एसटीनं वर निघाला होता. रस्त्यात झोळी दिसली म्हणून ड्रायव्हरनं गाडी थांबवली, तेव्हा त्याला कळलं.

पेठेत दुपारपर्यंत सगळं ठरून गेलं होतं. इंदूबाई टीव्ही बघायला गेली असणार. इंदूबाईचा डोळा लागला असणार. बाईमाणसाच्या हाती असली कामं देतात का? आमच्या दुकानात उभं राहून लोक हे बोलत होते आणि अण्णा वायर मापून देत होते. संस्थेच्या लोकांनी इंदूताईंना घरी बसायला सांगितलं. त्या निरगुडसरला भावाकडे जायची तयारी करताहेत असं भुआनं आत येऊन सांगितलं. अण्णांनी ऐकलं आणि वायर मापत राहिले. डबा सेटचा आहे, सेट दवाखान्याचा आहे, आणि तीनदा तपासून तो चोख निघाला आहे. आमच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ठेवणारही नव्हतं.

त्या दिवशी उन्हं पत्र्यावर चढली तसे अण्णा उठले, पण फळ्यांकडे गेले नाहीत. त्यांनी भिंतीवरचा मीटर काढला. बाईनं आतून हाक मारली, ताट वाढलंय म्हणून. अण्णा म्हणाले, "झाकून ठेव. शोभे, चल." बाई दारात आली आणि आमच्याकडे बघत राहिली. अण्णांना ताटावरून उठून जाताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात जाण्याआधी अण्णा इंदूताईंच्या घरी गेले. त्यांची ट्रंक भरून बाहेर ठेवलेली होती. "इंदूबाई, जरा येता का?" एवढंच ते म्हणाले. इंदूताई पदर सावरून आल्या. औषधांचं कपाट उघडलं, मीटर जोडला, सेट चालू केला. खरखर स्वच्छ होती. काटा जवळजवळ दोनशे तीसवर. आम्ही तिघं बसून राहिलो. खिडकीतून ऊन गेलं. रस्त्यावरचे दिवे लागले, मग समोरच्या घरातले. काटा सरकायला लागला. दोनशे दहा. दोनशे. मला वाटलं इथं थांबेल, पण तो थांबला नाही. एकशे सत्तरच्या खाली गेला तशी सेटमध्ये बारीक घूं सुरू झाली, आणि बघता बघता सगळी खरखर गिळून टाकली. अण्णांनी डब्यावर हात ठेवला. दिवसभर गार असणारा तो डबा तेव्हाही गारच होता. मला इतका राग आला होता अण्णांचा की मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. खरं सांगायचं तर तो राग अजून थोडा शिल्लक आहे.

"आता आलं ध्यानात, शेठ?" इंदूताई म्हणाल्या. आवाजात जोर नव्हता. "मी काय येगळं म्हनत व्हते?"

अण्णांनी हात जोडले. मी त्यांना फक्त आमच्या साधुमहाराजांसमोर हात जोडताना पाहिलं होतं. मग ते तसेच डॉक्टरांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेठेत, आमच्याच दुकानाच्या पायरीवर उभं राहून, येईल त्याला सांगत राहिले, की डबा माझा होता आणि चूक माझी होती. काहींनी ऐकलं. काही म्हणाले, शेठ भला माणूस आहे, इंदूबाईला वाचवतोय. माणसं आपलं ठरलेलं सहजी सोडत नाहीत. इंदूताई मात्र पुन्हा कामावर बसल्या.

घाटघरला आम्ही एसटीनं गेलो. किसनच्या अंगणात हिरडा वाळत घातलेला होता. त्याची आई मूल मांडीवर घेऊन वाटीतलं दूध बोळ्यानं पाजत होती. मुलगी होती. किसन भिंतीला टेकून बसला होता. अण्णा समोर जमिनीवरच बसले आणि त्यांनी सांगितलं. वीज उतरणं, डबा, घूं, सगळं. शेवटी म्हणाले, "किसनराव, इंदूबाईंची काही चूक नव्हती. त्या तीनदा सांगायला आल्या होत्या. मी दिवसाउजेडी जाऊन आलो."

किसननं अंगणातल्या हिरड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "शेठ, मी तितंच व्हतो."

"माहीत आहे."

"न्हाई, तुमास्नी न्हाई म्हाईत. मी वसरीवर आडवा झालतो. आत ते घूं घूं चाललं व्हतं. दिसभर उन्हात बसून माजं डोकं उठलं व्हतं. मीच म्हनलो इंदूआक्काला, आक्का, बारीक करा जरा ते. मंग तिनं बारीक केलं." त्यानं हातानं बटण पिळल्यासारखं केलं. "त्यात जाई व्हती."

म्हातारी दूध पाजायची थांबली होती. किसनच्या डोळ्यात पाणी नव्हतं, तो नुसता स्वतःच्या हाताकडे बघत होता. खाली येताना एसटीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. इंदूताईंनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. पेठेनं तोंडाला येईल ते बोलून घेतलं, काम गेलं, ट्रंक भरली, तरी आवाज कुणाच्या सांगण्यावरून बारीक केला हे त्यांनी ओठाबाहेर येऊ दिलं नाही. मी नंतर एकदा त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला सांगून काय व्हनार व्हतं गं? जलमभर तेच आयकत बसला असता."

सेटला अखेर बॅटरीच लावली. अण्णांनी सुताराकडून जाड फळ्यांची पेटी करून घेतली, बॅटरी आत ठेवली, वर कुलूप घातलं आणि किल्ली इंदूताईंच्या गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. जीपचा ड्रायव्हर येऊन कुलूप बघून गेला. दिवसा वीज भरपूर असताना डबा बॅटरी भरायचा. दुपार कलली की इंदूताई डब्याची वायर भिंतीतून काढून टाकायच्या आणि मग संध्याकाळभर सेट नुसत्या बॅटरीवर. गावातली वीज उतरो की जावो, बॅटरीला त्याचं काही नाही. पहिल्या दिवशी अण्णांनी डॉक्टरांना सांगितलं होतं तेच शेवटी खरं झालं, मधे एक जीव गेला.

त्यानंतर घरात एक गोष्ट बदलली. अण्णांनी एकासणं धरलं, म्हणजे दिवसातून एकदाच, दुपारी जेवायचं. संध्याकाळचं जेवण सोडलं. सूर्यास्तानंतर खायचं नाही हा नेम त्यांना मोडायचा नव्हता, आणि त्या वेळेला दुकान बंद करणं आता जमणार नव्हतं. फळ्या उघड्या ठेवून ते दिवे लागेपर्यंत बसायचे आणि काटा खाली आला की त्या दिवशीचा डबा रेडिओशेजारी ठेवून ऐकायचे. बाईनं महिनाभर त्यांचं ताट वाढून झाकून ठेवलं. एक दिवस ठेवलं नाही. मी पुढं पुण्याला शिकायला गेले, लग्न झालं, मुलं झाली, माहेरी यायचे तेव्हाही संध्याकाळी पाटावर आम्हीच असायचो आणि दुकानातून ती खरखर ऐकू यायची. त्यांचे हात थरथरायला लागले तरी त्यांनी ते सोडलं नाही. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी दोन वेळा खायला सांगितलं होतं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, एवढंच.

बॅटरी लावली त्या पहिल्या संध्याकाळी मी दवाखान्यात होते. बाजाराचा दिवस होता. अण्णा कपाटाजवळ उभे, इंदूताई स्टुलावर, आणि बाहेर ओसरीवर किसन. तो का थांबला होता कुणी विचारलं नाही. रस्त्यावरचे दिवे लागले. काटा उतरला. सेटमध्ये फक्त स्वच्छ खरखर होती. मग सिंधूताईचा आवाज आला, बारीक, पण एकेक अक्षर वेगळं. आज ताप नाही कुणाला. म्हातारबांचं गळू फुटलं. जाईची पोरगी वजन करायला आणलीय. आणि तिच्या बोलण्यामागून, एवढे डोंगर ओलांडून, पोरीचं रडणं आलं. चांगलं जोराचं, भुकेचं रडणं. इंदूताईंनी दाराकडे पाहिलं. किसन उठून उंबऱ्यात येऊन उभा होता. त्याचा चेहरा बघून इंदूताईंनी घाईनं आवाजाच्या बटणाकडे हात नेला.

"आक्का," किसन म्हणाला, "बारीक नका करू."

इंदूताईंनी हात मागे घेतला.